आमची वाटचाल : श्रॉपशरमधलं पुस्तकांचं टेबल

पुस्तकं विकून कुणी श्रीमंत झालेलं आमच्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं, तरी २००६ च्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या श्रूजबरी गावच्या मार्केट हॉलमध्ये मी शनिवारचा स्टॉल घेतला. मिस्टर तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला, मुलगी शाळेत, आणि मी अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्याची लेक. हात स्वस्थ बसेनात. भांडवल म्हणजे एक घडीचं टेबल, सहा निळे क्रेट, एक हातगाडी आणि आईच्या हिरव्या इरकली साडीचं लाल काठाचं टेबलक्लॉथ. श्रॉपशर ही इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरची मेंढ्यांची, कुरणांची काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. इथल्या बाजारात चीज आणि मधाच्या मधोमध ते कापड लांबून दिसायचं. लोक आधी कापड बघायला यायचे, मग पुस्तकं चाळायचे.

मेरी वेब ही इथलीच कादंबरीकार. बागेतली फुलं आणि भाजी घेऊन ती श्रूजबरीच्याच बाजारात विकायला बसायची. इमारत तेव्हाची वेगळी, आताची १९६५ ची. १९२७ मध्ये ती गेली. १९२८ मध्ये पंतप्रधान बाल्डविन यांनी एका भोजन समारंभातल्या भाषणात तिची स्तुती केली, आणि मग तिची पुस्तकं धडाधड खपली. सहा-सात महिने आधी बोलले असते तर काय बिघडलं असतं! स्थानिक लेखक माझ्या टेबलाशी पडक्या चेहऱ्याने उभा राहिला की मला हटकून ही बाई आठवते.

पहिल्या हिवाळ्यात स्टॉलवर एक उंच, करड्या केसांच्या बाई आल्या. माझी मांडणी पाहून काही न बोलता त्यांनी सगळी पुस्तकं काढली आणि पुन्हा लावली. पूर्वी त्या काउंटीच्या फिरत्या ग्रंथालयाची व्हॅन चालवायच्या. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं लायब्ररीकाकू. पुढच्याच महिन्यात त्यांनी ५०० पौंड आणून दिले आणि म्हणाल्या, कागद-बिगद नको, मला पुस्तकांत राहू दे. कुठल्या खेड्यात कोण हेरकथा वाचतं, कोणाचा नवरा फक्त रेल्वेची पुस्तकं मागवतो, कुठल्या गावच्या हॉलमध्ये चहाची मोठी किटली लावली की फ्यूज उडतो, सगळं त्यांना पाठ. कार्यक्रमांचा धंदा आम्ही उभा केला तो त्यांच्या या माहितीवर. माझं भांडवल फक्त टेबलाचं होतं.

इथे खेडोपाडी साहित्याचे कार्यक्रम होतात ते गावच्या हॉलमध्ये नाहीतर चर्चमध्ये. चाळीस-पन्नास खुर्च्या, एक लेखक, मध्यंतरात केक, आणि मागच्या भिंतीशी आमचं टेबल. धंद्यातल्यांना सांगायला नको, पण टेबल दाराजवळच लागतं. आत येताना लोक बघत नाहीत, बाहेर पडताना घेतात. सहीच्या रांगेत दुकानदाराचं काम लेखकाइतकंच मोठं. पुस्तक नेमक्या पानावर उघडून, जॅकेटची घडी त्यात खोचून पुढे सरकवायचं. त्याआधी पिवळ्या चिठ्ठीवर नाव मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवायचं, कारण कॅथरीन ‘सी’ने की ‘के’ने हे लेखकाला कसं कळणार? चिठ्ठी नसल्यामुळे वाया गेलेली एक प्रत म्हणजे दोन पुस्तकांचा नफा गेला. आणि कार्ड मशीन! डोंगराच्या कुशीतल्या हॉलमध्ये सिग्नल शोधत मी खिडकीच्या कट्ट्यावर चढून पैसे घेतलेत. सुट्ट्या पैशांचा जुना डबा म्हणून मी अजून सोडलेला नाही. नव्याने टेबल मांडणाऱ्यांनीही सोडू नये.

स्थानिक लेखक हे स्वतंत्र प्रकरण आहे. निवृत्त पाद्र्याचा गावाचा इतिहास, बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचं पुस्तक, सफरचंदांच्या जातींवरचं, आणि सगळ्यात जास्त खुनाच्या कादंबऱ्या. त्याचं कारण लेखिका एलिस पीटर्स. श्रूजबरीच्या मठातल्या कॅडफेल नावाच्या साधूला तिने गुप्तहेर केलं, १९७७ पासून त्याच्या वीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक निवृत्त शिक्षकाला आपल्या गल्लीत एक मुडदा दिसू लागला. कॅडफेलची टीव्ही मालिका बरीचशी हंगेरीत चित्रित झाली. ते सांगितलं की पर्यटकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ही मंडळी पाच-पाच प्रती परतीच्या बोलीवर ठेवतात, दर आठवड्याला येतात, आणि मी आत गेले की आपलं पुस्तक हळूच पुढे सरकवतात. मी बाहेर आले की पुन्हा मागे ठेवते. कुणीच काही बोलत नाही.

त्यांना माझं एक सांगणं असतं, विचारलेलं नसलं तरी. पुस्तक स्पायरलने बांधू नका. कणा नसला तर फळीवर नाव दिसत नाही. छापल्यावर महिन्याभरात एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला पाठवा, कायदाच आहे. आणि स्वतःच्या पैशाने छापलं म्हणून लाजू नका. कवी हाउसमनने १८९६ साली आपलं ‘श्रॉपशर लॅड’ हे कवितांचं पुस्तक स्वतःच खर्च सोसून छापून घेतलं, पाचशे प्रती. माणूस जन्मला शेजारच्या वूस्टरशरमध्ये, कविता बऱ्याचशा लिहिल्या लंडनमध्ये, इथल्या ह्यूली गावच्या चर्चला त्याने कवितेत उंच कळस दिला आणि तिथे तसा कळसच नाही. तरी आज श्रॉपशर म्हटलं की त्याचंच नाव. त्याची रक्षा इथल्याच लडलो गावातल्या सेंट लॉरेन्स चर्चच्या भिंतीशी आहे, आमच्या दुकानापासून पाच मिनिटांवर. हो, दुकान. २०१० मध्ये लडलोच्या एका बोळात आम्ही ते घेतलं. त्यापुढची सहा-सात वर्षं काही सांगण्यासारखं घडलं नाही. धंदा चालला.

घडलं ते २०१८ मध्ये. त्याआधी आमच्याकडे शनिवारी येणाऱ्या एका मुलाबद्दल सांगितलं पाहिजे. हुशार, गोड बोलणारा, क्रेट उचलायला कधी पुढे नाही, पण लेखकांशी गप्पा मारायला पहिला. दोन वर्षं राहिला. पिवळ्या चिठ्ठ्या, दाराजवळचं टेबल, कोणत्या हॉलची किल्ली कोणाकडे असते, हे सगळं शिकला आणि एक दिवस ‘काहीतरी वेगळं करायचंय’ म्हणून गेला.

जवळच्या एका गावात वसंतात साहित्याचा महोत्सव भरायचा. पहिल्या वर्षी चाळीस खुर्च्या होत्या तेव्हापासून नऊ वर्षं टेबल आमचं. विक्रीच्या दहा टक्के आम्ही समितीला द्यायचो. हिशेब उघड आहे. २० पौंडांच्या पुस्तकावर ४० टक्के कमिशन, म्हणजे हातात ८ पौंड. त्यातले २ समितीचे, वर कार्डाचा खर्च, पेट्रोल, आणि न खपलेलं परत पाठवायचं कुरियर. उरलं त्यात दुकान चालवायचं. त्या शनिवारच्या पोराने जाऊन समितीला २० टक्के देतो म्हणून सांगितलं. म्हणजे ८ मधले ४! हे गणित कसं बसतं ते त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही, आणि समितीतल्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही.

पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या वर्षी महोत्सवाचा पहिला कार्यक्रम आधीच, मार्चच्या ३ तारखेला होता. शेताच्या जिवंत कुंपणांवर लिहिणारा एक लेखक, छोटा प्रकाशक, तिकिटं २२० गेलेली. प्रकाशक म्हणाला, पक्की खरेदी केलीत, म्हणजे न खपलेलं परत नाही, तर ५० टक्के कमिशन देतो. १५ पौंडांचं पुस्तक. मी २४० प्रती उचलल्या, १,८०० पौंड रोख. काकू म्हणाल्या होत्या, १२० घे. ऐकलं नाही.

१ मार्चला इथला जागतिक पुस्तक दिन होता. इथे त्या दिवसासाठी शाळकरी मुलांना एका पौंडाचं टोकन मिळतं, आणि तो पौंड जातो दुकानदाराच्या खिशातून. दोन शाळांमध्ये २ तारखेला आमची पुस्तकजत्रा ठरलेली. त्याच आठवड्यात ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ म्हणून कुप्रसिद्ध झालेलं पूर्वेकडचं गार वारं आलं आणि बर्फ पडायला लागला. २ तारखेला दोन्ही शाळांना कुलूप. ३ तारखेचा कार्यक्रम रद्द. दुकानाच्या मागच्या खोलीत मी २४० प्रतींसमोर बसले होते आणि हीटरने माना टाकल्या होत्या.

पुढल्या आठवड्यात समितीची ईमेल आली. कार्यक्रम मे महिन्यात घेत आहोत, आणि यंदापासून पुस्तकांची व्यवस्था ‘नव्या भागीदाराकडे’ आहे. नऊ वर्षांबद्दल आभार, चार ओळींत. पक्की खरेदी परत जात नाही हे त्यांना मी फोनवर समजावलं. तो आमचा प्रश्न नाही, असं उत्तर आलं. मेमध्ये तो लेखक आला, २२० माणसं आली, आणि त्याने पोराच्या टेबलावर बसून सह्या केल्या. वर्तमानपत्रातल्या फोटोत मागे पिवळ्या चिठ्ठ्या दिसत होत्या. माझ्या पद्धतीने मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या.

त्या एप्रिलात मी दुकान सोडायची नोटीस लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. मिस्टरांनी वाचली, काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र पाच-पाच क्रेट स्वतःच्या गाडीत टाकून महिला मंडळाच्या बैठका पालथ्या घातल्या. चहाच्या आधी पुस्तकाबद्दल दहा मिनिटं बोलायच्या आणि सात-आठ प्रती खपवून यायच्या.

आणि मेंढीवाले आजोबा. क्लन गावाच्या पलीकडे त्यांचं शेत. बाजाराच्या दिवशी महिन्यातून एकदा येणार, बूट दाराबाहेर काढणार, मागवलेलं एक पुस्तक घेणार, पुढच्या महिन्याचं सांगून जाणार. वर्षानुवर्षं हा शिरस्ता. त्या एप्रिलात ते आले तेव्हा हातावर टाके होते. बर्फात अडकलेल्या मेंढ्या काढताना कापलेलं. कोपऱ्यातले खोके बघून म्हणाले, हे कुंपणांचं का? किती उरलीत? मी खरा आकडा सांगितला. ते बोटांवर काहीतरी मोजत बसले. शेवटी म्हणाले, चौदा दे. त्या रात्री शेजारच्या शेतांवरून चौदा माणसं फावडी घेऊन आली होती, प्रत्येकाला एक. मी माझं कमिशन सोडायला गेले तर रागावले. छापील किमतीचे २१० पौंड, सगळे दहाच्या नोटांत, मोजून ठेवले. नोटीस ड्रॉवरमध्येच राहिली.

२०२० चं काय सांगायचं, सगळ्यांचं तेच. मार्चमध्ये कुलूप, सरकारचं १० हजार पौंडांचं अनुदान, जूनच्या १५ तारखेला पुन्हा शटर वर. तेवढ्या काळात काकूंनी दिलेल्या पत्त्यांवर मी सायकलने पुस्तकं पोचवली आणि लडलोचे चढ मनसोक्त शिव्या देत चढले. काकूंनी गाडी चालवणं त्यानंतर सोडलं. बुधवारी त्या दुकानात येतात आणि माझी मांडणी अजूनही बदलतात.

कुंपणांच्या पुस्तकाच्या २२ प्रती शिल्लक आहेत. त्यातल्या नऊ लेखकाच्या सहीच्या. परवा कधीतरी वाटेवरून जाताना तो दुकानात आला आणि मी विचारायच्या आत सह्या करून मोकळा झाला. भला माणूस, त्याचा काय दोष.

गेल्या ऑक्टोबरात पोराचा फोन आला. महोत्सव आता दुसऱ्याच कुणाकडे गेलाय, हे मला आधीच कळलं होतं. त्याला एका गावच्या हॉलमध्ये टेबल लावायचं होतं, त्याचं मोडलं होतं. मावशी वगैरे म्हणायला लागला, जे तो आमच्याकडे असताना माझ्या मुलीचं ऐकून शिकला होता. मी टेबल दिलं. हॉलच्या दाराशी जागा घे, म्हणून आठवणही केली. कापड मागितलं, ते म्हटलं धुवायला टाकलंय.