अर्जुनी मोरगावकडचे गावतलाव: कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

डिसेंबरच्या सुरुवातीला गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावतलावावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो होतो. नवेगावबांधचा मोठा जलाशय सोडून मुद्दाम गावचा तलाव निवडला. मोठ्या पाण्यात बदकं मधोमध बसतात, ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्येसुद्धा ठिपक्यासारखी दिसतात. गावतलावावर तीच बदकं काठाशी चरायला येतात.

भंडारा-गोंदियाकडच्या या मालगुजारी (पुढे मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या) तलावांची बांधणी कळली की कुठे बसायचं तेही कळतं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उताराला आडवी मातीची पाळ घालून हे तलाव बांधले. त्यामुळे पाळीपाशी पाणी खोल असतं आणि समोरच्या अंगाला उथळ होत होत धानाच्या बांध्यांपाशी, म्हणजे भातखाचरांपाशी संपतं. बुडी मारणारे पक्षी, म्हणजे पाणकावळे, टिबुकल्या, पाळीवरून मिळतात. शेकाटे, बगळे आणि गोगलगायी फोडून खाणारे मुग्धबलाक उथळ बाजूला. सकाळी ऊन तुमच्या पाठीशी येईल असा काठ आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा.

पाळीवरून उतरायला लागलो तर जाळं घेऊन निघालेले एक काका म्हणाले, "तिकून नोका जाऊ भाऊ, पाखरं उडून जातेत. इथंच बसा, तेच येतेत." मी बसलो. समोर ढिवर, म्हणजे इथले मच्छीमार, डोंग्यात (लहान होडीत) बसून शिंगाडे तोडत होते. डोंगा हळदी-कुंकू बदकांच्या अगदी जवळून गेला तरी ती नुसती बाजूला सरकली. थोड्या वेळाने दुसऱ्या काठावर एक जण कॅमेरा घेऊन वाकून वाकून पुढे सरकू लागला, आणि अडई बदकांचा अख्खा थवा शिट्ट्या मारत उठला. काम करणाऱ्या माणसाची या पाखरांना सवय आहे. दबा धरून येणाऱ्याची नाही. म्हणून लपतछपत जाऊ नका. उजेडायच्या आत जागा धरा, बसा, आणि मग जागचे हलू नका.

तासाभरात कमळपक्षी माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवर आला. शिंगाड्याच्या पानांवरून चालताना त्याच्या लांबलचक बोटांत त्याचं वजन वाटलं जातं. पान जरासं दबतं, कडेवर पाणी चढतं, तोवर त्याचं दुसरं पाऊल पुढच्या पानावर पडलेलं असतं. मधूनच तो चोचीने पानाची कड उचलून पालथी करायचा आणि खाली चिकटलेलं काही टिपायचा. हा क्षण पकडायचा तर १/१००० शटर पुरतं. उडणाऱ्या बदकांना १/२००० तरी ठेवा, आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

गडद पाण्यावर पांढरा बगळा असला की कॅमेरा चित्र उजळवतो आणि पिसांचा नुसता पांढरा डाग होतो. एक्स्पोजर उणे एकपर्यंत खाली आणा. चमकत्या पाण्यावरच्या काळ्या पाणकावळ्याला उलट, थोडं वर. कोन जितका खाली तितकं चित्र चांगलं, म्हणून ट्रायपॉडपेक्षा बीन बॅग, म्हणजे लेन्सखाली ठेवायची भरीव पिशवी बरी. ती रिकामीच न्या, गावात धान भरून घ्या, जाताना परत करा. बसायला बारदाना न्या, काठ ओला असतो.

उजाडल्यानंतरही बराच वेळ धुकं असतं आणि ऑटोफोकस चाचपडतो. तेव्हा डोंगे आणि काळ्या आकृत्या टिपा. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरते, लांबचं काहीही धारदार येत नाही; कितीही महाग लेन्स असली तरी. तेव्हा सरळ गावात येऊन तर्री-पोहे खा.

तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचारा. घाटावर बाया धुणं धुतात, आंघोळी चालतात. त्या दिशेला लेन्स वळवायचीच नाही, पक्षी कितीही चांगला असो. आणि गोंदियाच्या या पट्ट्यात सारस दिसलाच तर लांबूनच फोटो घ्या आणि जागेचं नाव कुठेही टाकू नका. महाराष्ट्रात सारस मुख्यतः इथेच उरलेत आणि ते धानाच्या बांध्यांत घरटं करतात. तिथे माणसांची रीघ लागली तर पाखरांचं आणि शेतकऱ्याचं, दोघांचंही नुकसान.

नागपूरहून साकोली, कोहमारा फाटा आणि तिथून नवेगावबांध असा रस्ता आहे. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्ग. मुक्काम नवेगावबांधला करा, म्हणजे पहाटे धुक्यात फार गाडी हाकावी लागत नाही.

लांब शेपटीचा कमळपक्षी हवा असेल तर मात्र हिवाळ्यात येऊ नका, ती शेपटी विणीच्या हंगामातच असते. जुलै-ऑगस्टमध्ये या, गमबूट आणा, लेन्सला पावसाचं कव्हर लावा. तेव्हा पानांवर अंडी असतात आणि ती नर उबवतो. तो अंडी सोडून तुमच्यासमोर पंख फडफडवत लोळायला लागला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. लगेच मागे या.