ताबोतला अंधार

आज ताबोचा बौद्ध मठ, हिमाचलातल्या लाहौल-स्पितीत. खरं सांगते, बाहेरून बघून हिरमोडच झाला. मातीच्या बुटक्या भिंती, आपल्याकडच्या पडक्या गढीसारख्या. आत शिरले तर काही दिसेना. फोटोला बंदी, म्हणून मोबाईल पर्समध्येच. हळूहळू डोळे सरावले आणि भिंतींवर अधांतरी बसवलेल्या मातीच्या मूर्ती एकेक करून पुढे आल्या. खालीवर नुसती चित्रंच चित्रं! इ.स. ९९६ चा मठ हा. याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. (खरं अजिंठा मी शाळेच्या सहलीत पाहिलं, तेव्हा सगळं लक्ष डब्यातल्या पुरीभाजीकडे.) बाहेर एका आजींनी खुणेनंच बसवून घेतलं, लोणी घातलेला खारट चहा दिला. पहिला घोट कसाबसा गिळला. दुसरा पेला मात्र मीच मागितला.