डी अँझा ते सॅन होजे स्टेट: कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर होताना

लग्न होऊन एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून, कॅलिफोर्नियात आले तेव्हा माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षावर थांबलं होतं. सांगलीला परत जाऊन तिसरं वर्ष करणं शक्य नव्हतं. इथल्या विद्यापीठात पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, तर चार वर्षांची फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. पहिली दोन वर्षं कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात करायची आणि मग विद्यापीठात ट्रान्सफर व्हायचं, हा रस्ता मला शेजारणीनं सांगितला. तिची स्वतःची पदवी त्याच वाटेनं झाली होती.

कॅलिफोर्नियात अशी 116 सार्वजनिक कॉलेजं आहेत. बारावी झालेल्या किंवा 18 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तिथे प्रवेश मिळतो. कट-ऑफ नाही, प्रवेशपरीक्षा नाही. 1960 सालच्या राज्याच्या शिक्षण आराखड्यातच हे ठरलेलं आहे: कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांना खुली, आणि तिथून विद्यापीठात जायला वाट. आमच्या घराजवळचं कॉलेज म्हणजे क्युपर्टिनोचं डी अँझा. एच-फोरवर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र फीसाठी राज्याचे रहिवासी ठरायला इथे एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे द्यावे लागतात. घराचा भाडेकरार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स असं सगळं मी गोळा करून दिलं. कोर्स किती मोठा हे इथे युनिटांत मोजतात, आणि क्वार्टर म्हणजे साधारण तीन महिन्यांचं सत्र. रहिवाशांना एका क्वार्टर युनिटचे 31 डॉलर पडतात, बाहेरच्यांना त्याच्या कित्येक पट. त्यामुळे नव्यानं आलेल्या बायकांना मी आवर्जून सांगते, पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागद जपून ठेवा.

कम्युनिटी कॉलेजात मिळते ती असोसिएट डिग्री म्हणजे काय, हे बाबांना फोनवर समजावताना मी पॉलिटेक्निकचं उदाहरण दिलं. आपल्याकडे डिप्लोमा झालेली मुलं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तशी इथली मुलं कम्युनिटी कॉलेजमधून बॅचलर्सच्या थेट तिसऱ्या वर्षाला जातात. असोसिएट डिग्रीसाठी 60 सेमिस्टर युनिट लागतात. डी अँझात क्वार्टर असल्यामुळे तिथे हाच आकडा 90 होतो. पूर्ण वेळ शिकलं तर साधारण दोन वर्षं. माझा मुलगा लहान होता, म्हणून मी क्वार्टरला दोनच कोर्स घेत असे आणि मला जास्त वेळ लागला.

पण बाबांना दिलेलं उदाहरण अर्ध्यापर्यंतच चालतं, आणि पुढचा भाग मला पहिल्या काउन्सेलरनं नीट उलगडून सांगितला. इथे असोसिएट डिग्री न घेताही ट्रान्सफर होता येतं. उलट, डिग्री हातात असूनही विद्यापीठात जागा न मिळणं शक्य आहे, कारण काही डिग्र्या थेट नोकरीसाठी आखलेल्या असतात. बऱ्याच राज्यांत त्यांना ए.ए.एस. म्हणतात. त्यातले सगळे कोर्स विद्यापीठ मोजेलच असं नाही. विद्यापीठ बघतं ते तुम्ही कोणते कोर्स केलेत आणि ते त्यांच्या कोणत्या कोर्सच्या जागी बसतात. म्हणून आधी पुढचं कॉलेज आणि विषय ठरवायचा आणि तिथून मागे येत इथले कोर्स निवडायचे.

कॅलिफोर्नियात डिग्री आणि ट्रान्सफर या दोन्हींची सांगड घालणारी एक डिग्री आहे, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर. असोसिएट डिग्री आर्ट्सची असेल तर एए आणि सायन्सची असेल तर एएस. या डिग्रीत त्यापुढे टी असतो, एए-टी किंवा एएस-टी. 2010 च्या कायद्यानं ती सुरू झाली. ती घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या (सीएसयू) अनेक कॅम्पसच्या व्यवस्थेत कुठे ना कुठे तिसऱ्या वर्षाची जागा नक्की, आणि पुढे 60 सेमिस्टर युनिटांत बॅचलर्स पूर्ण होईल अशी रचना. ‘कुठे ना कुठे’ हे नीट ऐकायला हवं. हव्या त्याच कॅम्पसची हमी नसते. घर-संसार सोडून मला लांब जाता येणार नव्हतं, आणि याच व्यवस्थेतल्या सॅन होजे स्टेटमध्ये तर जागांपेक्षा अर्ज कायम जास्त. त्यामुळे टी असलेली डिग्री असली तरी गुणांची सरासरी चांगली ठेवणं भागच होतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची व्यवस्था वेगळी आहे. तिथल्या सहा कॅम्पसवर ट्रान्सफरची लेखी हमी मिळू शकते, त्यासाठी सप्टेंबरात वेगळा अर्ज असतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

माझं सगळ्यात जास्त काम केलं असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाइटनं. इथलं कॉलेज निवडायचं, तिथलं विद्यापीठ निवडायचं, विषय निवडायचा. दोन रकाने समोर येतात आणि कोणता कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ते दिसतं. डी अँझाचे अकाउंटिंगचे तीन कोर्स मिळून सॅन होजे स्टेटचे दोन होतात, हे मला तिथेच कळलं. क्वार्टरची पाच युनिटं सेमिस्टरच्या हिशेबात साडेतीनलाही पोहोचत नाहीत, म्हणून साखळीतले तिन्ही कोर्स एकाच कॉलेजात पूर्ण करायचे. दोन करून कॉलेज बदललं तर मधेच लटकायला होतं. वर्गातल्या एका मुलाचं तसं झालं होतं, त्याला साखळी पहिल्यापासून करावी लागली.

सांगलीच्या मार्कशीटचं मूल्यांकन एका मान्यताप्राप्त एजन्सीकडून करून घेतलं. वाणिज्यच्या विषयांना इलेक्टिव्हची, म्हणजे ऐच्छिक विषयांची, युनिटं मिळाली, त्यांनी आकडा भरायला मदत झाली. इंग्रजी लेखन, भाषणकला, तर्कशुद्ध विचार आणि गणित हे चार विषय मात्र इथेच केले. सीएसयूत यांना गोल्डन फोर म्हणतात आणि ट्रान्सफरच्या आधीच्या वसंतापर्यंत ते पूर्ण व्हावे लागतात. भाषणकलेची मला सर्वांत धास्ती होती. माहितीपर भाषणासाठी मी हरिपूरची हळदीची पेवं घेतली. जमिनीखाली हळद कशी साठवतात हे ऐकताना वर्ग गप्प झाला, आणि नंतर एका निवृत्त सैनिकानं खड्ड्याच्या भिंतींबद्दल इतके प्रश्न विचारले की वेळ संपली. अठरा वर्षांची मुलं, सैन्यातून परतलेले, रात्रपाळी करून आलेल्या आया, सगळे एका बाकावर. शिकायला उशीर झाला ही माझ्या मनातली सल त्या वर्गात गेली.

अमेरिकेचा इतिहास, राज्यघटना आणि कॅलिफोर्नियाचं राज्य व स्थानिक शासन हेही सीएसयूच्या पदवीला लागतं. ते मी डी अँझातच उरकलं, कारण इथे ते कितीतरी स्वस्त पडतं.

अर्जाचे महिने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. सीएसयूच्या अर्जाच्या वेबसाइटवर, कॅल स्टेट अप्लायवर, प्रत्येक कोर्स, त्याची युनिटं, ग्रेड आणि पुढे करायचे कोर्ससुद्धा हातानं भरायचे असतात. हे काम एका बैठकीत करू नका. प्रवेश मिळाल्यावर आणखी एक पायरी असते, जी पुष्कळांना माहीतच नसते. सामान्य शिक्षणाचा, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या कोर्सचा, गट पूर्ण केल्याचं सर्टिफिकेशन आपणहून कॉलेजकडे मागायचं, आणि ते अंतिम ट्रान्सक्रिप्टबरोबर विद्यापीठात गेलं का ते बघायचं. मागितलं नाही तर विद्यापीठ एकेक कोर्स स्वतंत्र तपासत बसतं आणि एखादा विषय पुन्हा गळ्यात पडू शकतो. माझं सर्टिफिकेशन गेलं, सगळी युनिटं लागली आणि ऑगस्टमध्ये मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसले. आता इंटरमीडिएट अकाउंटिंग चालू आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिची मुलगी तिथल्या मिडलसेक्स कॉलेजमधून रटगर्सला जायचं म्हणते. तिकडे असिस्ट नाही, पण एनजे ट्रान्सफर नावाची तशीच वेबसाइट आहे, आणि राज्याच्या करारामुळे एए किंवा एएस पूर्ण केलं की त्याची युनिटं राज्याच्या सरकारी विद्यापीठांत धरली जातात. तिला मी एवढंच सांगितलं की कोर्सची नोंदणी करण्याआधी रटगर्समधला विषय नक्की कर, मग काउन्सेलरची वेळ घे, आणि तिच्यासमोर बसूनच दोन्ही कॉलेजचे कोर्स जुळवून घे.