तळोज्यामागचे विमानांचे आवार : एका रविवारचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

तळोजा औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे, शिळफाट्याच्या दिशेने जाताना लागणाऱ्या गोदामांच्या रांगेत, एका खासगी संग्राहकाच्या आवारात जुनी लष्करी विमाने ठेवलेली आहेत, असे मी गेली दोन वर्षे ऐकून होतो. या जानेवारीत माझे मामा नाशिकहून ठाण्याला आले आणि जाण्याचा योग जुळला. मामा ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात एकतीस वर्षे होते आणि त्यांतली पहिली बरीच वर्षे त्यांनी मिग-२१ या लढाऊ विमानाच्या जोडणीवर काढली. ते बरोबर नसते, तर मी चार छायाचित्रे काढून तासाभरात परतलो असतो. प्रत्यक्षात आम्ही तिथे पाच तास होतो.

ठाण्याहून मोटारीने जायचे असल्यास मुंब्रा बायपासमार्गे शिळफाटा गाठता येतो, पण अवजड वाहनांच्या गर्दीत तिथे किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. आम्ही ठाणे स्थानकावरून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी पकडून बेलापूरला उतरलो आणि तिथून मेट्रोने शेवटच्या पेंधर स्थानकापर्यंत गेलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोला रविवारी सकाळी अजिबात गर्दी नव्हती. पेंधरहून पुढे रिक्षा करावी लागते, आणि परतीसाठी त्याच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवावा, कारण आवाराजवळ रिक्षा मिळत नाही. नेमका पत्ता मी मालकांच्या विनंतीवरून देत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाल्यानंतर न सांगता येऊन फाटक वाजवणाऱ्यांचा त्यांना फार त्रास झाला. ओळखीतून निरोप पाठवावा आणि निदान आठवडाभर आधी वेळ ठरवावी.

मालकांच्या वडिलांचा मुंबईच्या दारूखाना भागात जहाजे तोडण्याचा धंदा होता, त्यामुळे लोखंड, तांबे आणि अॅल्युमिनियम यांचा भाव त्यांना लहानपणापासून तोंडपाठ आहे. सरकारी भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावातून विकले जाते. तोफा, रडार, रेडिओ आधीच काढून घेतलेले असतात आणि उरलेला सांगाडा किलोच्या भावाने जातो. त्यांनी पहिला सांगाडा वितळवण्यासाठीच घेतला होता. तो नॅट या छोट्या लढाऊ जेट विमानाचा निघाला, आणि ट्रेलरवरून उतरवताना त्याचा आकार पाहून त्यांना तो तोडवेना.

नॅट पाहिल्यावर मलाही ते पटले. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम पावणेसात मीटर, म्हणजे आपल्याकडच्या बसच्या लांबीपेक्षाही कमी. कॉकपिटची कड इतकी खाली येते की मोठ्या शिडीची गरजच पडू नये. हवा ओढणाऱ्या दोन्ही तोंडांच्या बाजूला ३० मिलिमीटरच्या तोफांची भोके आहेत, आणि त्यांतल्या एकात गांधीलमाशांनी घर केले आहे. मामांनी चाकांच्या झाकणांकडे बोट दाखवले : या विमानाला वेग कमी करण्यासाठी वेगळे ब्रेक-पत्रे दिलेले नाहीत, चाके अर्धवट खाली सोडली की हीच झाकणे हवेला अडवतात. १९६५च्या युद्धात या एवढ्याशा विमानाने पाकिस्तानच्या सेबर विमानांना दिलेली झुंज आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों यांनी ज्या नॅटमधून लढत प्राण दिले, त्याचा आकार, या दोन्ही गोष्टी पुस्तकात वाचून डोळ्यांसमोर उभ्या राहत नाहीत. सेखों यांचे परमवीर चक्र हे वायुदलाला मिळालेले एकमेव आहे. आवारातले हे विमान त्या लढाईतले नाही, आणि मालक तसा दावाही करत नाहीत, याचे मला बरे वाटले.

नॅटशेजारी लोखंडी घोड्यावर एक सुटे ऑर्फियस जेट इंजिन ठेवलेले आहे. ते घाईने ओलांडून जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हवा दाबणारी त्याची सात चक्रे बाहेरून मोजता येतात. ब्रिस्टल कंपनीचे हे इंजिन आपल्याकडे नॅटमध्ये एक, मरुत या भारतीय लढाऊ विमानात दोन आणि पुढे किरण या प्रशिक्षण विमानाच्या मार्क २ मध्ये पुन्हा एक, असे वापरले गेले. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेल्या मरुतसाठी यापेक्षा ताकदवान इंजिन मिळाले नाही आणि ध्वनीपेक्षा वेगाने उडण्यासाठी काढलेले ते देखणे विमान शेवटपर्यंत कमी ताकदीवरच उडत राहिले. ज्यांना मरुत पाहायचे आहे त्यांनी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जावे. या आवारात ते नाही.

मिगचे धड मात्र आहे, पंखांविना, रेल्वेच्या लाकडी स्लीपरांवर ठेवलेले. मालकांनी ते ‘एफएल’ जातीचे म्हणून घेतले होते आणि तसा फलकही लावला होता. मामा दोन मिनिटे काही बोलले नाहीत. मग त्यांनी धडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाली वाकून पोट पाहिले.

“शेठ, हे एफएल नव्हे. बिस आहे.”

“कशावरून म्हणता, साहेब?”

“एफएलची पाठ सडपातळ असते. ही पाहा, कॉकपिटपासून शेपटीपर्यंत केवढी जाड आहे. आणि पोटाखाली तोफेची ही खाच. एफएलला आतली तोफच नव्हती.”

हा फरक किरकोळ नाही. एफएल जातीच्या मिगना तोफेऐवजी क्षेपणास्त्रांवर विसंबून पाठवले गेले होते. तोफेवाचून चालत नाही हे लक्षात आल्यावर एफएलच्या पोटाखाली बाहेरून तोफेची पेटी टांगण्यात आली आणि १९७१च्या युद्धात ती वापरली गेली. नंतरच्या, बिससारख्या जातींत तोफ धडातच बसवली गेली. म्हणजे मामांनी बोट लावलेल्या त्या खाचेत एका चुकीची दुरुस्ती नोंदलेली आहे. पुढे झाकणाच्या आतल्या बाजूला तपासणीचे गोल शिक्के दिसले, तेव्हा मामा चष्मा पुसून बराच वेळ ते वाचत बसले. ओळखीचा एकही सापडला नाही.

या शिक्क्यांवरूनच रंगाचा विषय निघाला. मालकांना आवारातले किरण विमान वायुदलाच्या सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकासारखे लाल-पांढरे रंगवायचे आहे, म्हणजे शाळांच्या सहली येतील. हेतू चांगला आहे, पण मला ही कल्पना पटत नाही, आणि त्याचे कारण केवळ भावनिक नाही. सूर्यकिरणने १९९६ पासून किरणची मार्क २ ही जात उडवली, तर इथले विमान व्हायपर इंजिनाचे, मार्क १ आहे. शिवाय झिजलेल्या रंगाखाली अजून दिसणाऱ्या सूचना, कुठे पाय ठेवू नये, कुठे जॅक लावावा, किती हवा भरावी, हाच या विमानाचा अस्सल दस्तऐवज आहे. किरणचे श्रेय ज्यांच्याकडे जाते ते डॉ. वि. मा. घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. १९५१ साली उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांचेच. शाळेतल्या मुलांना लाल रंगापेक्षा ही माहिती लिहिलेला एक साधा फलक अधिक उपयोगी पडेल, असे मी मालकांना म्हणालो. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

आवारात एक चेतक हेलिकॉप्टरही आहे. पाती नाहीत, काचा नाहीत. त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही.

विमानांची खरी शत्रू इथली हवा आहे. खाडी जवळ, वर औद्योगिक वसाहतीचा धूर, आणि चार महिने पाऊस. अॅल्युमिनियमचा पत्रा आणि पोलादी बोल्ट जिथे एकमेकांना भिडतात तिथे खारट ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजते आणि रिबिटांभोवती पांढरी पूड फुगून येते. मालकांनी मायेने तिन्ही विमानांवर ताडपत्री घट्ट आवळून बांधली होती. मामांनी ती सोडायला लावली, कारण आत कोंडलेली वाफ उघड्या पावसापेक्षा वाईट. ताडपत्री चार हात उंच, छपरासारखी बांधावी आणि बाजूंनी वारा खेळू द्यावा. पोटाखाली पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती पालापाचोळ्याने बुजली होती. मामांनी सायकलच्या तारेने एक मोकळे केले, तर त्यातून गेल्या पावसाळ्याचे काळे पाणी मिनिटभर गळत राहिले.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच जावे आणि सकाळी साडेआठपर्यंत पोहोचावे. अकरानंतर पत्रा तापतो आणि छायाचित्रांत नुसती चकाकी येते. पावसाळ्यात चिखल असतो आणि राखणदाराच्या सांगण्यानुसार धडांच्या आत सापही निघतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड तळव्यांचे बूट आणि कामगार वापरतात तसले हातमोजे न्यावेत. मी हातमोजे नेले नव्हते, आणि कापलेल्या पंखाच्या कडेने तळहात फाडून घेऊन संध्याकाळी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. पाणी व डबा बरोबर असावा. आवारात स्वच्छतागृह नाही, हे महिलांना आणि मुलांना आधीच सांगावे.

कॉकपिटमध्ये बसण्याचा हट्ट धरू नये. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत स्फोटक काडतुसे असतात. ती काढल्याचे मालक सांगतात, तरी तिथली कोणतीही दांडी किंवा पिवळी-काळी कडी ओढून पाहू नये. जुन्या डायलांच्या काट्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग वापरला जात असे, म्हणून फुटक्या काचेच्या डायलांना हात लावू नये आणि सुटे डायल आठवण म्हणून मागू नयेत. कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, टेकू नये, कारण उन्हाने तिच्यात केसासारख्या भेगा पडलेल्या आहेत. नवी मुंबईचा विमानतळ जवळ असल्याने परवानगीशिवाय ड्रोन उडवण्याचा विचारही नको. मालक प्रवेशाचे पैसे घेत नाहीत. आम्ही निघताना दोन जाड ताडपत्र्यांचे पैसे दिले आणि ते त्यांनी आढेवेढे न घेता ठेवून घेतले.

मामा पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, लांब तारा, मऊ ब्रश आणि ओझरच्या एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन. निथळण्याची सगळी छिद्रे मोकळी होईपर्यंत किरणचे रंगकाम थांबवण्याचे मालकांनी कबूल केले आहे, आणि मिगपुढचा ‘एफएल’ लिहिलेला फलक आम्ही फाटकाबाहेर पडण्याआधीच राखणदाराने उतरवून ठेवला होता.