तुम्ही विचारलंत म्हणून: भरतीची वेळ कळते, मग पाणी कुठे जाईल ते का कळत नाही?

व्याख्यान संपलं की पहिल्या चार-पाच प्रश्नांत हा असतोच. प्रवासात शेजारी बसलेला माणूस मी समुद्राचा अभ्यास करते हे ऐकतो आणि दोन मिनिटांत इथेच येतो. पुढच्या वर्षीच्या आजच्या तारखेची भरती तुम्ही मिनिटापर्यंत सांगता, मग समुद्रात भरकटलेली होडी, हरवलेलं विमान, सांडलेलं तेल कुठे जाईल ते का सांगता येत नाही? प्रश्न रास्त आहे. मी मात्र दरवेळी घाईत काहीतरी सांगून सुटका करून घेतली आहे. आज सविस्तर सांगते. शेवटी तुमचं समाधान होईल, असं वचन देत नाही.

आधी भरतीचं. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या हालचाली ठरलेल्या आहेत. चंद्राच्या कक्षेचा कल बदलतो तोही १८.६ वर्षांच्या फेऱ्यात. एखाद्या बंदरातल्या पाण्याच्या उंचीच्या वर्षभराच्या नोंदी हाती असल्या की त्यातून तीसेक नियमित लयी वेगळ्या काढता येतात. त्या पुन्हा एकत्र केल्या की पुढच्या कितीतरी वर्षांचं वेळापत्रक तयार होतं. लॉर्ड केल्विन यांनी १८७२ च्या सुमारास यासाठी चाकं आणि कप्प्यांचं यंत्र बनवून घेतलं. संगणक यायच्या कितीतरी आधीपासून हे काम चालू आहे आणि ते उत्तम चालतं. वादळाने पाणी फुगलं तर आकडा चुकतो, एवढंच.

पण ते वेळापत्रक काय सांगतं, ते नीट बघा. या जागी, या वेळी पाणी किती उंच असेल, एवढंच ते सांगतं. ते पाणी कुठून आलं आणि कुठे जाणार, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. भरती ही एक अतिशय लांब लाट आहे आणि लाट पुढे जाते म्हणजे पाणी पुढे जातं असं नाही. चार हजार मीटर खोलीच्या समुद्रात त्सुनामी ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते, पण ती जाताना तिथल्या पाण्याचा कण सेकंदाला काही सेंटिमीटरच हलतो. पाणी किती वर येईल हा एक प्रश्न आणि हे पाणी कुठे जाईल हा दुसरा. तुम्ही दोन्ही एकाच दमात विचारता, म्हणून पहिल्याच्या अचूकतेची अपेक्षा दुसऱ्याकडून करता.

मग प्रवाहांचे नकाशे कशाला आहेत, असं कुणीतरी म्हणतंच. तेच ते, शाळेच्या पुस्तकातले लाल-निळे बाण. त्या बाणांवर माझा जुना राग आहे. ते खोटे नाहीत. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम हा प्रवाह खरोखर वाहतो, जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढं पाणी वाहून नेतात त्याच्या कितीतरी पट पाणी तो नेतो. पावसाळी वारे फिरले की सोमाली प्रवाह आपली दिशा उलटी करतो, हेही दरवर्षी घडतं. पण बाण म्हणजे कित्येक वर्षांची सरासरी. एखाद्या मंगळवारी एखाद्या ठिकाणचं पाणी त्या बाणाच्या नेमकं उलट चाललेलं असू शकतं आणि तसं ते वरचेवर असतं.

हे आमच्या आधीच्या लोकांनाही महागात पडून कळलं. ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ जॉन स्वॅलो यांनी १९५५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचे तरंगक बनवले. वजन असं बेतलेलं की नळी ठरलेल्या खोलीवर स्थिरावावी आणि तिथून आवाजाचे ठोके देत राहावी. १९५९-६० मध्ये बर्म्युडाजवळ 'एरीज' नावाच्या छोट्या जहाजावरून हे तरंगक सोडले गेले. खोल समुद्रातलं पाणी अगदी संथ सरकत असेल, आरामात त्यांच्या मागे राहता येईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते अपेक्षेच्या दहापट वेगाने आणि भलत्याच दिशांना निघाले, शेजारचे दोन उलटसुलट. जहाजाला त्यांचा पाठलागच जमेना. समुद्राला त्याचं स्वतःचं हवामान आहे, हे तिथून पुढे उमगत गेलं. शे-दोनशे किलोमीटर रुंदीचे भोवरे महिनोन् महिने फिरत असतात. समुद्राच्या गतीतली बहुतेक ऊर्जा या भोवऱ्यांत असते, बाणांत नसते.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

तेव्हा मी तिशीची होते. किनाऱ्यापासून बऱ्याच आत एक उघडी होडी इंजिन बंद पडून भरकटत होती. आत दोन माणसं. शेवटचा संपर्क रात्री झाला होता आणि शोध सुरू व्हायला दुसरा दिवस उजाडला. शोधाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी आमच्याकडे विचारणा केली की होडी कुठे गेली असेल. वरिष्ठ परगावी होते. फोन मी घेतला.

अशा वेळी काय करतात, ते थोडक्यात सांगते. होडी दोन गोष्टींनी सरकते. एक म्हणजे वारा तिला थेट ढकलतो, साधारण वाऱ्याच्या वेगाच्या तीनेक टक्क्यांनी, होडीच्या बांधणीप्रमाणे कमीजास्त. दुसरं म्हणजे ती ज्या पाण्यात आहे ते पाणीच चाललेलं असतं. वाऱ्याचं गणित मी चोख केलं. वायव्येचा वारा सेकंदाला दहा मीटर, संपर्क तुटल्यावर एक दिवस टिकलेला, मग पडलेला. पाण्यासाठी माझ्यासमोर दोन नकाशे होते. एकात त्या महिन्याची अनेक वर्षांची सरासरी होती: दक्षिणेकडे, सेकंदाला वीस सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला सतरा किलोमीटर. स्वच्छ, समांतर बाण. दुसरा उपग्रहाने मोजलेल्या समुद्राच्या उंचीवरून केलेला. त्यात होडीच्या पूर्वेला वीसेक सेंटिमीटरचा एक फुगवटा दिसत होता.

वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. शंभर-सव्वाशे किलोमीटर रुंदीच्या टापूत पाणी एक वीत वर आलेलं. उत्तर गोलार्धात अशा फुगवट्याभोवती पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. म्हणजे त्याच्या पश्चिम कडेला ते उत्तरेकडे जातं. होडी पश्चिम कडेला होती.

मी तो नकाशा पाहिला. हे लपवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. पाहिला आणि बाजूला ठेवला. कारणं होती, ती आजही सांगते. उपग्रह त्याच जागेवर दहा दिवसांनी परत येतो, त्याच्या दोन वाटांमध्ये शेकडो किलोमीटरची फट असते आणि त्या फटीतलं सगळं गणिताने भरून काढलेलं असतं. तो नकाशा पाच-सहा दिवस जुना होता. भोवरा सरकला असू शकत होता. कोणत्याही समितीपुढे मला हा निर्णय मांडता आला असता.

पण मी स्वतःपुढे मांडते तेव्हा तो टिकत नाही. सरासरीचे बाण मला सुबक दिसले, दुसरा नकाशा गबाळा दिसला, म्हणून मी पहिला उचलला. शिळ्या बातमीवर विश्वास नको म्हणून मी जे घेतलं ते बातमीच नव्हतं. त्या आठवड्याचं त्यात काहीही नव्हतं.

मी दक्षिणेला ऐंशी किलोमीटर लांब आणि पन्नास रुंद चौकट आखून दिली. फोनवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, खात्री किती?"

मी म्हणाले, "बऱ्यापैकी."

एक विमान आणि दोन जहाजं तीन दिवस ती चौकट पिंजून काढत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी वाटेने जाणाऱ्या एका मालवाहू जहाजाला होडी दिसली, शेवटच्या जागेपासून सत्तर किलोमीटर उत्तरेला. एक जण जिवंत होता. दुसरा आदल्या रात्री गेला होता.

वाचलेल्या माणसाचा जबाब मी नंतर वाचला. त्यात एक गोष्ट होती जी माझ्याशिवाय कुणाच्या फारशी लक्षात आली नसेल. वारा पडल्यावर होडीच्या बाजूला फेसाची आणि कचऱ्याची एक लांब रेघ आली. शेवाळ, दोरीचे तुकडे, एक निळं प्लास्टिकचं डबडं. ते डबडं तीन दिवस होडीपासून हातभर अंतरावर राहिलं. त्याला वाटलं, म्हणजे आपण जागचे हललोच नाही. त्याच दिवसांत होडी ताशी जवळजवळ एक किलोमीटर वेगाने उत्तरेला चालली होती. दोन पाणी जिथे एकमेकांना भिडतात तिथे तरंगणाऱ्या वस्तू रेघेत जमतात आणि रेघ पाण्याबरोबरच चालते. डबडं, शेवाळ, होडी, सगळं एकाच पाण्यात होतं. आतून पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी विमानाचा आवाज आला, असंही त्याने सांगितलं होतं. खूप लांबून, मागच्या बाजूने.

महिन्याभराने गेलेल्या माणसाच्या भावाचा फोन आला. चढा आवाज नाही, आरोप नाही. "ताई, एक विचारू? भरती तुम्हाला वर्षभर आधी कळते ना?" मी हो म्हणाले. "मग हे कसं नाही कळलं?"

तुम्ही जो प्रश्न कुतूहलाने विचारता, तो मी पहिल्यांदा असा ऐकला. त्या दिवशी मी त्यांना भोवऱ्यांबद्दल सांगायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून कुणीही हे विचारलं की माझा आवाज थोडा कडक होतो. तो तुमच्यावर नसतो.

पुढच्या सफरीत मी वरिष्ठांकडे हट्ट धरून एक प्रयोग करवून घेतला. दोन तरंगते बोये, एकाच बनावटीचे, प्रत्येकाखाली पंधरा मीटर खोलीवर कापडी नळा बांधलेला, म्हणजे वाऱ्याने नव्हे तर पाण्याने तो ओढला जावा. जहाजाच्या मागच्या डेकवरून एकाच क्षणी सोडले, हात सोडताना एकमेकांना घासत होते. पहिला दिवसभर ते जोडीने गोल फिरले. वारा अचानक पडला की वरचं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं गोल फिरत राहतं, १८ अक्षांशावर एका फेरीला सुमारे ३९ तास लागतात. तिसऱ्या दिवशी त्यांच्यात दोन किलोमीटर होते. दहाव्या दिवशी चाळीस. एक किनाऱ्याकडे वळला होता, दुसरा खोल समुद्राकडे.

आता कुणी म्हणेल, पण प्लास्टिकच्या बदकांचा माग लागलाच ना? जानेवारी १९९२ मध्ये प्रशांत महासागरात एका जहाजावरून पडलेल्या कंटेनरमधली ती २८,८०० खेळणी. नोव्हेंबरमध्ये अलास्काच्या किनाऱ्याला लागायला सुरुवात झाली आणि पुढे किती वर्षं ती सापडत राहिली. हे उदाहरण मला उत्तर म्हणून ऐकवलं जातं. मी त्यातून उलटच वाचते. सगळी एका जागी, एका दिवशी पाण्यात पडली होती आणि पांगली. पांगापांग कशी होईल ते आम्ही बरंच चांगलं सांगतो. हजारांपैकी किती कोणत्या बाजूला, तेही. तुमचं एक बदक कुठे आहे, ते नाही. आणि होडी एकच असते.

मलेशियाच्या हरवलेल्या एम.एच. ३७० विमानाच्या पंखाचा तुकडा २९ जुलै २०१५ ला रियुनियन बेटावर सापडला, विमान नाहीसं झाल्यानंतर जवळजवळ सतरा महिन्यांनी. संशोधकांनी त्याच प्रकारचा खरा भाग मिळवून तो पाण्यात सोडून पाहिला, तेव्हा तो वाऱ्याच्या डावीकडे कलत, अंदाजापेक्षा वेगाने चालल्याचं दिसलं. एका तुकड्याच्या कडेचा आकारसुद्धा महिन्यांच्या हिशेबात एवढा फरक पाडतो. हे वाचताना मला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

साधनं सुधारली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह १२० किलोमीटर रुंद पट्टाच्या पट्टा मोजतो, तो फुगवटा त्याला ठसठशीत दिसला असता. पण तो त्याच जागी परत येतो २१ दिवसांनी. आता आम्ही एक चौकट देत नाही, हजारो काल्पनिक होड्या संगणकात सोडतो आणि त्या जिथे दाट जमतात तिथे आधी शोधायला सांगतो. तेव्हा मी तसं केलं असतं तर काही होड्या उत्तरेलाही गेल्या असत्या. मग एकच विमान दोन ठिकाणी वाटलं गेलं असतं आणि दोन्हीकडे शोध विरळ झाला असता. तरी ते सापडले असते का? तिशीतली मी म्हणते, कदाचित नाही. आजची मी तिला म्हणते, तू "माहीत नाही" म्हणायला हवं होतंस. ती विचारते, "माहीत नाही" म्हटल्यावर विमान कुठे पाठवायचं होतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तो दुसरा नकाशा मी छापून ठेवला आहे. एका चौकोनाची बाजू पंचवीस किलोमीटर. होडीची शेवटची जागा पेन्सिलीने खूण करून पाहिली आहे, अनेकदा. ती फुगवट्याच्या कडेला पडते, एका चौकोनात. त्या चौकोनात उत्तरेकडचा एक बाण आहे, आखूड, फिकट छापलेला. शेजारच्या चौकोनात तो जवळजवळ शून्य आहे.