तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मग ओरिजनल काय राहिलंय?’

पेट्रोल भरायला थांबलो की कुणीतरी येतंच. साठी-पासष्टीचा गृहस्थ, हात मागे बांधलेले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा, मग हँडलकडे बोट. "हे मूळचं नाही." मी मान डोलावतो. सायलेन्सरकडे बोट. "हेही नाही. मग ओरिजनल काय राहिलंय?" मिलानमधल्या गणपतीला आपली माणसं हेच मराठीत विचारतात, वर किंमतही विचारतात. इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

गाडी म्हणजे मोटो गुझी ८५० टी३, इटालियन मोटरसायकल, १९७६ची. मी मूळचा कोल्हापूरचा, राहतो इटलीतल्या लेक्कोत. जिथे ही गाडी बनली ते मांदेल्लो देल लारियो माझ्या घरापासून दहा-एक किलोमीटरवर, तळ्याच्या काठाकाठानं गेलं की आलंच. मावशी इथे आली होती तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की ही कंपनी १९२१ सालची, आणि २००४ पासून पियाजिओकडे आहे. मावशी बारामतीची, जिथे पियाजिओच्या आपे रिक्षा बनतात. म्हणाली, "म्हणजे आपे रिक्षावाल्यांचीच की रे!" त्यावर काय बोलणार.

घेतली तेव्हा मी पक्का सोवळ्यातला होतो. पार्ट्स-बुक उशाशी. कुठल्या बोल्टवर कुठला मुलामा होता यावर मी लोकांशी भांडलोय. एकानं हँडल बदललेली टी३ आणली तर तिच्याशेजारी मी माझी उभी करत नसे. हे आज सांगताना लाज वाटते, पण प्रश्न विचारणाऱ्यांना एवढं कळू दे की तुम्ही जे आहात ते मी होतो, आणि तुमच्यापेक्षा कडवा होतो.

मांदेल्लोत एक म्हातारा आहे. कारखान्यात जन्म घालवला, आता घरामागच्या शेडमध्ये निवडक लोकांची कामं करतो. पहिल्याच भेटीत त्यानं गाडीकडे नीट न बघता सांगितलं, "सिलिंडर बदल. क्रोम सुटतं." ही सिलिंडरं ॲल्युमिनियमची, आतून लोखंडी स्लीव्ह नाही, नुसता कठीण क्रोमचा थर. बाबांच्या बजाजचा बोअर झिजला की उद्यमनगरात नेऊन रिबोअर करायचा, वरच्या मापाचा पिस्टन टाकायचा, काम खलास. इथे तसं चालत नाही. थर एकदा कडेनं उचकटला की संपलं, आणि सुटलेले कण जातात ते थेट ऑइलमध्ये. मला हे सगळं माहीत होतं. तरी म्हणालो, कॉम्प्रेशन उत्तम आहे, चालतंय की. तो म्हणाला, "आज चालतंय."

दोन वर्षं चाललं.

जूनमधला शनिवार. बायको मागे. कियाव्हेन्नातून स्प्लूगा खिंडीकडे चढत होतो. कांपोदोल्चिनोला कॉफीसाठी थांबलो तेव्हा इंजिन रिकामं चालत असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. गरम इंजिन, जुनी गाडी, होतं असं. पुढे पियानाझ्झोच्या आधी ती वळणं सुरू होतात, एकावर एक रचून ठेवल्यासारखी. दुसऱ्या गिअरमध्ये, पुन्हा दुसऱ्यात, मग पहिल्यात. तिथे बायकोनं खांद्यावर थोपटलं. "हा ठकठक आवाज कसला?"

"व्हॉल्व्हचा. असतो."

"मघाशी नव्हता."

तिला इंजिनातलं काही कळत नाही. कान आहेत. मलाही होते. आवाज इंजिनाच्या डोक्यातून, जिथे व्हॉल्व्ह असतात तिथून, येत नव्हता, खालून येत होता, आणि थ्रॉटल दिला की वाढत होता. व्हॉल्व्हचा आवाज असा नसतो हे शेंबडं पोर सांगेल. पण वर, खिंडीच्या पाटीशी, गाडीचा एक फोटो मला हवा होता. म्हणून मी चढत राहिलो. माँतेस्प्लूगाच्या तळ्यापर्यंत. तिथे आवाज असा झाला की रस्त्यावरची गुरं वळून बघायला लागली, तेव्हा बंद केली. टोइंगची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तळ्याकाठी बसलो होतो. बोललो नाही फारसं.

सोमवारी म्हाताऱ्याकडे ऑइल काढलं. पांढऱ्या ट्रेमध्ये ते पसरलं आणि उन्हात चमकलं, गणपतीच्या मखराला लावतात ती चमकी असते ना, तसं. मी चुंबक फिरवलं. काहीच चिकटलं नाही, आणि क्षणभर, हसू नका, मला बरं वाटलं. म्हाताऱ्यानं दोन बोटांत थेंब घेऊन चोळला. मग माझं बोट धरून त्यावर टेकवला. दोन प्रकार होते. एक मऊ, चोळलं की पसरणारा, तो बेअरिंगचा. दुसरा टोचणारा, बारीक काचेसारखा, तो क्रोमचा. दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. टोचणाऱ्यानं मऊ खाल्लं होतं, आणि मग क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, ओरखडे.

या गाडीचं इंजिन काढायचं म्हणजे खरं तर गाडीच काढायची असते. गुझीचा डिझायनर लिनो तोंती, त्याच्या या फ्रेमचे खालचे दोन पाइप बोल्टनं जोडलेले असतात. ते सोडले की इंजिन स्टँडवर तसंच राहतं आणि वरची फ्रेम उचलून बाजूला नेता येते. फार सुंदर युक्ती आहे ती. त्या दिवशी मला तिचं कौतुक करता आलं नाही. क्रँक पाव मिलिमीटरनं ग्राइंड केला, त्या मापाची बेअरिंगं टाकली. खर्चाचा आकडा मी बायकोला सांगितलेला नाही आणि ती हे वाचणार असल्यामुळे इथेही सांगत नाही.

सिलिंडरं नवी, निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर असलेली, मांदेल्लोतल्याच गिलार्दोनीची. पुढे खुद्द गुझीनंही क्रोम सोडलं, तसलाच थर घेतला. म्हणजे कारखान्यानं जे सोडलं ते मी धरून बसलो होतो. मग मी काय बिघडवलं? सांगा की.

पण पेट्रोल पंपावरचा माणूस सिलिंडरबद्दल विचारतच नाही. बाहेरून ती हुबेहूब तशीच दिसतात. ऑइल फिल्टर संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, आत असतो, तो ढिला पडू नये म्हणून त्याभोवती मी पाइपचा साधा क्लिप आवळलाय, तोही दिसत नाही. विचारतात ते हँडलबद्दल. आणि तिथे माझी बाजू लंगडी आहे, कबूल. मूळच्या हँडलनं मला काही त्रास नव्हता. सगळं पुन्हा बांधत होतो, सोवळं मोडलंच होतं, मग खालचं हँडल लावलं, कारण गाडी रुबाबदार दिसते. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट्सही तसेच. दोन सिलिंडरना दोन वेगवेगळे, नीट जुळवले तर वर्षभर बघायला नको. ते काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तो निव्वळ आळस. ब्रेक मात्र तसेच ठेवले, पायाच्या ब्रेकवर मागची आणि पुढची एक डिस्क एकत्र चालते तसे. लोक म्हणतात बदल. नाही बदलणार. का? ते विचारू नका.

आणि एक. ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीसाठी फोटो द्यायचे होते तेव्हा मी जुने गंजके सायलेन्सर परत चढवले, फोटो काढले, उतरवले. हे लिहू नये, पण आता लिहिलंच.

काम संपलं तेव्हा म्हाताऱ्यानं जुनी सिलिंडरं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "जपून ठेव, ओरिजनल आहेत." जिन्याखाली ठेवली आहेत. अधूनमधून बॅटरी घेऊन आत बघतो. डाव्यात वरच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा करडा डाग आहे, तिथे क्रोम गेलंय. उजवं आरशासारखं आहे. एक ओरखडा नाही. जुना मी तिथे जिन्याखाली बसून असतो आणि म्हणतो, बघ, हे काढायचं काय कारण होतं? मी म्हणतो, आज चालतंय. तो म्हणतो, चाललं असतं.

गेल्या महिन्यात एका जर्मन माणसाचा मेल आला. तो टी३ पुन्हा कारखान्यासारखी उभी करतोय, आणि त्याला क्रोमचंच सिलिंडर हवंय. उजवं देणार का, विचारतो. मेल उघडून तीनदा वाचला. उत्तर अजून दिलेलं नाही.