दोनापावलच्या खडकावर

ओहोटी लागली की भाचीला घेऊन मी गोव्यातल्या दोनापावलच्या खडकांवर जाते. काल तिनं विचारलं, "मावशी, यात शंख सापडतील?" नाही गं. भूशास्त्रज्ञ विल्यम स्मिथनं 1815 साली इंग्लंडच्या खडकांचा नकाशा काढला, तो थराथरांतले जीवाश्म ओळखून. पण आपले हे खडक शंखशिंपल्यांच्या कितीतरी आधीचे, दोनशे कोटी वर्षांहून जुने. वय काढायचं तर झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणातलं युरेनियम आणि त्यापासून बनलेलं शिसं मोजावं लागतं.

थरांचा क्रम मात्र बोटालाही कळतो. खाली रवाळ कण, वर जाता जाता पिठासारखे बारीक. गढूळ पाण्यात जड कण आधी तळाला बसतात ना! बारीक बाजू खाली दिसली, तर अख्खा थरच उलटलाय. भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत ती तसा थर शोधत होती.